पदकावरचं साल आणि पदकाचं खरं वय

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑस्टरलिट्झच्या लढाईचं, १८०५ साल असलेलं नेपोलियनचं एक तपकिरी, तांब्याचं स्मृतिपदक तुम्हाला देऊ केलं आहे. त्याच्या कडेवर मधमाशीची बारीक खूण आहे आणि शेजारी तांब्यासाठीचा फ्रेंच शब्द, 'क्वीव्र'. विकणाऱ्याचं म्हणणं, मधमाशी हे नेपोलियनचं राजचिन्ह, म्हणजे पदक त्याच्याच अमदानीतलं, म्हणून दुर्मिळ. ते घ्यावं का, आणि अशा पदकांचा संग्रह करायचा तर सुरुवात कुठून करावी?

आधी तुमच्या पदकाविषयी. वर्णनावरून ते खोटं वाटत नाही, पण ते १८०५ चंही नाही. पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून पदकांच्या कडेवर खुणा उमटवायला सुरुवात केली. आधी जुन्या घाटाचा दिवा, १८४१ मध्ये जहाजाचा नांगर, १८४२ पासून जहाजाचा पुढचा भाग, १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. म्हणजे तुमच्या हातात येणारं पदक १८६० ते १८७९ च्या दरम्यान कधीतरी पाडलेलं आहे. नेपोलियन १८२१ मध्येच वारला. मधमाशी बोनापार्ट घराण्याची हे खरं, पण १८६० मध्ये गादीवर होता तो पुतण्या, तिसरा नेपोलियन. टांकसाळ जुने ठसे, म्हणजे धातूवर चित्र दाबून उमटवायचे कोरीव पोलादी शिक्के, जपून ठेवत असे आणि मागणी आली की त्यांवरून पुन्हा पदकं पाडत असे. यालाच आपण रिस्ट्राइक म्हणतो. त्यात फसवणूक काही नाही, उलट टांकसाळीने खूण उमटवून पदकाची वेळ सांगूनच ठेवली आहे. फसवणूक झालीच तर ती खुणेचा अर्थ सांगणाऱ्याकडून होते. रिस्ट्राइकच्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या, चांगली वस्तू आहे. 'सम्राटाच्या काळातलं' म्हणून चढा भाव लावला असेल तर नमस्कार करून निघा.

आता याच्या उलट चूक करू नका. कडेवर खूण नाही म्हणजे पदक हमखास जुनं, असंही नाही. १८३२ च्या आधीसुद्धा जुन्या ठशांवरून फेरपाडणी होतच होती, आणि तेव्हा खूणच नव्हती. शिवाय खूण कानशीने घासून टाकता येते. भिंगाखाली कड फिरवत नेली की अशी जागा दिसते: बाकीची कड गोलाईत एकसारखी आणि एवढाच तुकडा किंचित सपाट, रंगाने उजळ किंवा नंतर वेगळा रंगवलेला. म्हणून विकणाऱ्याकडे दोन्ही बाजूंच्या फोटोंबरोबर कडेचे फोटोही मागायचे, पदक थोडं थोडं फिरवत पूर्ण वेढा येईल असे. कडेचे फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढचं बोलणं मी करत नाही.

नाण्यांच्या संग्रहाकडून पदकांकडे येणारी मंडळी नेमकी इथेच अडखळतात. नाण्यावरचं साल सहसा ते पाडल्याचं असतं. पदकावरचं साल मात्र घटनेचं असतं, आणि घटना व पदक यांच्यात कितीही अंतर असू शकतं. 'लिबर्टास अमेरिकाना' हे प्रसिद्ध पदक घ्या. बेंजामिन फ्रँकलिन यांनी ते करवून घेतलं आणि ठसे कोरले ऑग्युस्तँ द्युप्रे यांनी. त्याच्या एका बाजूला ४ जुलै १७७६ ही तारीख आहे, दुसऱ्या बाजूला साराटोगा आणि यॉर्कटाउनच्या विजयांच्या, १७७७ आणि १७८१ मधल्या तारखा. पदक पाडलं गेलं १७८३ मध्ये, आणि ते साल त्यावर कुठेच नाही. फ्रान्सच्या राजाराणीला दिलेल्या सोन्याच्या दोन प्रती आज कुठे आहेत, कुणालाच ठाऊक नाही. चौदाव्या लुईने तर आपली अख्खी कारकीर्दच पदकांत लिहवून घेतली. स्मारकांवरचा आणि पदकांवरचा मजकूर व चिन्हं ठरवायला १६६३ मध्ये विद्वानांची एक छोटी अकादमी नेमली गेली, आणि शतक पालटता पालटता ४१ मिलिमीटरच्या एकाच मापाची मालिका तयार झाली. त्या मालिकेत राजाच्या जन्माचं, १६३८ सालचंही पदक आहे. ते पाडलं गेलं तेव्हा हे बाळ साठीच्या आसपास होतं!

याहून गमतीची गोष्ट म्हणजे न घडलेल्या घटनांची पदकं. नेपोलियनने इंग्लंडवर उतरण्याची तयारी केली तेव्हा विजयाच्या पदकाचे ठसेही तयार झाले. त्यावर 'लंडनमध्ये १८०४ साली पाडले' अशा अर्थाचा मजकूर आहे. फ्रेंच सैन्य लंडनला कधी पोहोचलंच नाही. त्याआधी १७४१ मध्ये इंग्रजांनीही हेच केलं. अ‍ॅडमिरल व्हर्नन दक्षिण अमेरिकेतलं कार्टाहेना हे स्पॅनिश बंदर जिंकणार म्हणून पितळी पदकं बाजारात आली. काहींवर स्पॅनिश सेनानी ब्लास द लेसो गुडघे टेकून शरण येतोय असं चित्र आहे. प्रत्यक्षात कार्टाहेना पडलंच नाही आणि व्हर्ननला हात हलवत परतावं लागलं. यातल्या इंग्लंडवरच्या स्वारीच्या पदकाचे मूळ नग अतिदुर्मिळ आहेत. व्हर्ननची पदकं मात्र ढिगाने सापडतात, कारण ती सामान्य लोकांना विकण्यासाठीच काढलेली होती. खोटेपणा दोघांतही सारखाच, दुर्मिळता मात्र अजिबात सारखी नाही. 'चुकीच्या घटनेचं पदक, म्हणून दुर्मिळ' अशी जाहिरात दिसली की व्हर्नन आठवावा.

मग पदकाचं खरं वय ओळखायचं कसं? मी पदक हातात घेतलं की चेहरा शेवटी बघतो. आधी कड, मग व्यास, मग वजन, मग भिंगातून मोकळा सपाट भाग. चेहरा सुंदर असतो आणि सौंदर्याने डोळे दिपतात, म्हणून तो शेवटी.

भिंगातून बघताना एक नियम लक्षात ठेवा: उंचवटा ठशाचा, खड्डा ओतकामाचा किंवा माराचा. पोलादी ठसा वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यावर गंज चढतो आणि बारीक खड्डे पडतात. त्या ठशावरून पाडलेल्या पदकावर तेच खड्डे बारीक पुळ्यांसारखे वर आलेले दिसतात. ठशाला तडा गेला असेल तर पदकावर केसासारखी उंच रेघ उमटते. म्हणून एकाच पदकाचे दोन नग शेजारी ठेवले की कोणता आधीचा, हे बऱ्याचदा नुसत्या पुळ्यांवरून आणि रेघांवरून सांगता येतं. बर्मिंगहॅमजवळची मॅथ्यू बोल्टन यांची सोहो टांकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोडीत निघाली, तेव्हा तिथले बरेच ठसे विल्यम टेलर यांच्या हाती गेले आणि त्यांनी त्यांवरून फेरपाडणी केली. सोहोच्या वस्तू गोळा करणारे आजही आधी गंजाच्या पुळ्या शोधतात.

ओतीव पदकांचं शास्त्र वेगळं. युरोपात चित्रपदकाची परंपरा सुरू झाली तीच ओतकामातून. १४३८ मध्ये बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पालिओलोगस धर्मपरिषदेसाठी इटलीतल्या फेरारा इथे आला होता, आणि पिसानेल्लो या चित्रकाराने त्याचं सुमारे दहा सेंटीमीटरचं पदक घडवलं. अशा पदकांना पोलादी ठसा नसतो, मूळ मेणाच्या नमुन्यावरून साचा करून धातू ओतलेला असतो. त्यामुळे कुणीही तयार पदकावरून साचा घेऊन दुसरं ओतू शकतो, आणि पाचशे वर्षं लोक तेच करत आले आहेत. पण थंड होताना ब्राँझ आकसतं, साधारण दीड ते दोन टक्के. मूळ पदक १०० मिलिमीटर असेल तर त्याची नक्कल ९८ च्या आसपास येते, आणि नकलेची नक्कल आणखी लहान. जॉर्ज फ्रान्सिस हिल यांच्या १९३० च्या सूचीत इटालियन पदकांचे व्यास नोंदलेले आहेत, ते याच कामासाठी वापरायचे. मोजताना बाहेरची कड धरू नका, ती घासलेली असू शकते किंवा नंतर काठ वाढवलेला असू शकतो. नक्षीतले दोन ठरावीक बिंदू घ्या, एका अक्षराच्या टोकापासून समोरच्या अक्षराच्या टोकापर्यंत, आणि संग्रहालयातल्या नगाच्या मोठ्या फोटोशी ते प्रमाण ताडून बघा. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बोथट झाल्या असतील तर व्हर्नियर काढायच्या आधीच मनात शंका यायला हवी. मात्र त्या काळातच एका नमुन्यावरून अनेक नग ओतले जात. त्यामुळे 'एकमेव अस्सल' असा शब्द ओतीव पदकांच्या बाबतीत ऐकला की मी सावध होतो.

नकलेचाच मोठा इतिहास झाल्याचं उदाहरण म्हणजे लुसिटानियाचं पदक. जर्मन पाणबुडीने हे प्रवासी जहाज ७ मे १९१५ ला बुडवलं. म्युनिकचे पदककार कार्ल गोएट्झ यांनी त्यावर उपहासाचं पदक ओतलं आणि त्यावर चुकून ५ मे ही तारीख घातली. ब्रिटिशांनी ती चूक उचलली, 'बघा, जहाज बुडवायचं आधीच ठरलं होतं' असा प्रचार केला, आणि पदकाच्या नकला डबीत घालून माहितीपत्रकासह लाखोंच्या घरात विकल्या. गोएट्झ यांनी मग तारीख दुरुस्त करून ७ मेची आवृत्ती काढली. आज 'जर्मन पदक' म्हणून समोर येणाऱ्या दहापैकी नऊ या ब्रिटिश नकलाच असाव्यात असा माझा अंदाज आहे. वाळूच्या साच्यात ओतलेलं मूळ पदक सहसा ब्राँझचं असतं, नक्कल लोखंडाची आणि रंगाने जास्त काळी. लोहचुंबकाने बहुतेक वेळा निकाल लागतो, पण थोडे मूळ नगही लोखंडाचे होते. इंग्रजी पत्रक असलेली डबी बरोबर असेल तर तोही पुरावा ब्रिटिश नकलेचाच, विकणारा तिला 'मूळ डबी' म्हणत असला तरी. ही नक्कल संग्रहात असू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. युद्धप्रचाराचा तो अस्सल दस्तऐवज आहे. फक्त भाव त्याच नावाने द्यायचा.

इलेक्ट्रोटाइप हा तिसरा प्रकार. १८३० च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या साहाय्याने साच्यावर तांब्याचा थर चढवण्याची युक्ती सापडली. दोन बाजूंची दोन कवचं करायची, आत शिसं किंवा दुसरा धातू भरायचा आणि जोडायची. तपशील हुबेहूब येतो, व्यासही घटत नाही, त्यामुळे वरची आकसण्याची कसोटी इथे चालत नाही. कडेवर सांधा शोधावा लागतो. वजनही फसतं: शिसं भरलेलं असेल तर जास्त, पोकळ असेल तर कमी. पण इलेक्ट्रोटाइप म्हटलं की नाक मुरडू नका. बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची यांना वॉटर्लूच्या विजयाचं पदक करायला सांगितलं गेलं ते १८१९ मध्ये आणि त्यांनी ठसे दिले १८४९ मध्ये! तोवर ज्यांना पदकं द्यायची होती त्यांतले जवळजवळ सगळे मरून गेले होते, उरला होता ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन. ठसे इतके मोठे होते की कडक करताना फुटतील या भीतीने ते कडक केलेच नाहीत, आणि त्यांवरून पदक पाडलंच गेलं नाही. त्या काळातली जी पदकं दिसतात ती इलेक्ट्रोटाइपच. तीस वर्षांच्या मेहनतीचं हे फळ मिळालं तर दोन्ही हातांनी घ्यावं.

धातू पदकाचं वय अनेकदा परस्पर सांगून टाकतो. अ‍ॅल्युमिनियमचं पदक असेल आणि साल १७८९ असेल तर विचार करायला नको, कारण हा धातू पहिल्यांदा वेगळा काढला गेला तोच १८२५ मध्ये आणि स्वस्त झाला १८८६ नंतर. चांदीची शंका असेल तर पाण्यात बुडवून घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) काढा: शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास, तांबं ८.९, कथील ७.३, शिसं ११.३. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं इथे लगेच उघडं पडतं. मात्र कथील किंवा शिशाचं पदक पाण्यात घातलंत तर ते लगेच नीट कोरडं करा. जुन्या जर्मन कथली पदकांत कधी कधी तांब्याचा छोटा ठिपका ठोकलेला दिसतो. नवखे लोक त्याला दुरुस्तीची जागा समजतात. ती दुरुस्ती नाही, कथलाचं पदक चांदीचं म्हणून खपवता येऊ नये म्हणून टांकसाळीने मुद्दाम घातलेली खूण आहे. ती असलेली चांगलीच.

दुर्मिळतेबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. 'दुर्मिळ' हा शब्द एकटा आला तर त्याला काहीच वजन नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या करून विचारा: किती पाडली, किती उरली, आणि किती जणांना हवी आहेत. ट्रॅफल्गरच्या ब्रिटिश आरमारी विजयानंतर बोल्टन यांनी स्वखर्चाने पदकं पाडली. वरिष्ठांना मौल्यवान धातूंची, साध्या खलाशांना कथलाच्या मिश्रधातूची. खलाशांची पदकं संख्येने कितीतरी जास्त, पण कथील मऊ, ओरखडे लवकर पडतात, आणि रागावलेल्या काही खलाशांनी ती समुद्रात फेकली असंही सांगतात. झळाळी शाबूत असलेलं कथली पदक शोधायला निघाल, तर ते चांदीच्या नगापेक्षा लवकर मिळेलच अशी खात्री मी देणार नाही. याच्या उलट बाजूला शाळा, कारखाने, शेतकी प्रदर्शनं यांची पदकं. जगात दोन-चारच नग उरलेत आणि तिसरा माणूस ती विचारत नाही. दुर्मिळ आहेत, महाग नाहीत, आणि नवख्यासाठी शिकायला याहून चांगली जागा नाही.

सूचींमधल्या दुर्मिळतेच्या श्रेणी डोळे मिटून मानू नका. एका पद्धतीत आर ८ ('आर' म्हणजे रेअर, दुर्मिळ) म्हणजे जगात दोन-तीनच नग, तर दुसरी सूची नुसती 'आर' अक्षरं वाढवत जाते. शिवाय सूची छापली गेली तेव्हा लेखकाला जेवढं दिसलं तेवढंच त्यात असतं. पन्नास वर्षांपूर्वी 'अतिदुर्मिळ' म्हटलेलं पदक आज लिलावांच्या जुन्या नोंदी चाळल्या की वर्षाला चार वेळा विकलेलं दिसतं. त्या नोंदी बऱ्याच लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर फुकट उघड्या आहेत. पैसे काढायच्या आधी एक संध्याकाळ त्यांत घालवा. तोच नग फोटोवरून ओळखू येतो का, तेही बघा. सारखा फिरतोय आणि कुणाकडेच टिकत नाही, तर काहीतरी कारण असणार.

सुरुवात अरुंद विषयाने करा. 'ऐतिहासिक पदकं' हा विषय नाही, तो समुद्र आहे. एखादा कोरक्या निवडा, एक घटना निवडा, एक पोप, एक प्रदर्शन, एक नदीवरचा पूल. विषय अरुंद असला की दोनेक वर्षांत तुम्हाला विकणाऱ्यापेक्षा जास्त कळायला लागतं, आणि संग्राहकाची खरी ताकद तीच. पोपांची पदकं निवडलीत तर एवढंच सांगतो की रोममध्येही जुन्या ठशांवरून पुष्कळ फेरपाडणी झाली आहे, तिथे घाई नको. खासगी कंपन्यांनी विसाव्या शतकात काढलेले 'मर्यादित आवृत्ती'चे चकचकीत संच मी संग्रहात धरत नाही. त्यांच्या मागे घटना नाही, वर्गणीदारांची यादी आहे.

आता स्वच्छतेबद्दल, कारण तुमचं पदक तपकिरी आहे आणि ते 'घासून उजळ' करावं असं कुणीतरी सुचवेलच. करू नका. पॅरिस आणि सोहो या दोन्ही टांकसाळींत तांब्याच्या पदकांना तो तपकिरी रंग मुद्दाम दिला जात असे. तो मळ नाही, कामाचाच शेवटचा हात आहे. पॉलिश लावलं की तो जातो आणि परत आणता येत नाही. चिंच, लिंबू, राख यांतलं काहीही पदकाजवळ आणू नका. अपवाद एकच: फिकट हिरवी, नखाने भुकटी होऊन पडणारी पुळी दिसली तर तो क्लोराइडमुळे होणारा ब्राँझचा रोग असू शकतो आणि तो ओलाव्यात पसरत जातो. असा नग ताबडतोब वेगळा, कोरड्या हवेत ठेवा आणि धातुसंवर्धकाला दाखवा. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा थर मात्र निरुपद्रवी असतो.

पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरू नका, काही वर्षांत त्यांतून निघणारा चिकट हिरवा द्रव पदकावर बसतो. पॉलिएस्टरची पाकिटं चालतात. ओक लाकडाचा खण दिसायला राजेशाही, पण त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शिशाची पदकं पांढऱ्या भुकटीने भरून जातात. ती भुकटी विषारी असते, फुंकर मारून उडवू नका. जुने संग्राहक महोगनीचे खण वापरत ते उगाच नाही. पदक नेहमी कडेने धरायचं आणि खाली मऊ कापड असू द्यायचं.

आणि पदकाबरोबर एखादी पिवळी पडलेली गोल चिठ्ठी, डबीच्या झाकणावर शाईने लिहिलेला क्रमांक किंवा जुनी लिलावाची पट्टी आली, तर ती पदकाइतकीच जपा. तो क्रमांक एखाद्या जुन्या छापील लिलावसूचीत सापडला की पदक अमुक साली अमुक संग्रहात होतं हे सिद्ध होतं, आणि त्यानंतर बनवलेल्या नकलांचा प्रश्नच मिटतो. चोरीच्या किंवा लुटीच्या मालाची शंकाही बरीच कमी होते. आपली चिठ्ठी जुनीवर चिकटवू नका, शेजारी ठेवा: व्यास, वजन, कडेवरची खूण, दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरळ की उलट्या आहेत ते, कधी आणि कोणत्या नावाने घेतलं ते. कडेचे फोटो त्याच नोंदीला जोडा. पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्यात पसरते.